द्राक्षाची गोडी छाटणी पहिल्यांदाच करताय? कात्री उचलायच्या आधीपासून थंडी सरेपर्यंत

माझं माहेर धुळ्याकडचं, तिकडे कापूस आणि बाजरी, द्राक्ष म्हणजे बाजारातून पाव किलो आणायचं फळ. लग्न होऊन नाशिककडे निफाड तालुक्यात आले तेव्हा नोव्हेंबर होता आणि घरी येणारा प्रत्येक माणूस चहाच्या आधी एकच प्रश्न विचारायचा, "बाग किती दिवसांची झाली?" मला वाटायचं लावून किती वर्षं झाली ते विचारताहेत. तसं नसतं. ऑक्टोबरात छाटणी झाली तो दिवस शून्य, आणि तिथून पुढे औषध, पाणी, मजूर, अगदी घरातली लग्नं सुद्धा त्याच दिवसांवर मोजतात. म्हणून नव्याने बागेत उतरणाऱ्यांना, म्हणजे नोकरी सोडून वडलांच्या बागेवर आलेल्या पोरांना, माझ्यासारख्या नवीन सुनांना, पहिलं सांगणं हेच की एक वही घ्या आणि त्यात प्लॉटनुसार छाटणीची तारीख लिहा. बाकी सगळं त्या तारखेला लटकलेलं असतं.

दुसरी गोष्ट पुढचं लिहायच्या आधीच सांगते कारण ती कळायला मला दोन वर्षं लागली. आपण ऑक्टोबरात जी काडी कापतो त्या काडीतला घड मे-जूनमध्येच तयार झालेला असतो. आपल्याकडे वेल वर्षातून दोनदा छाटतात, एप्रिलची खरड छाटणी (काड्या तयार करायला) आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी, कोणी फळछाटणी म्हणतं (घड घ्यायला). खरड छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांत, भरपूर ऊन असताना, काडीच्या डोळ्यात (पेरावरच्या अंकुरात) बारीक घडाचा आकार धरतो आणि मग तो डोळा तसाच झोपून राहतो. ऑक्टोबरात आपण घड तयार करत नाही, कुठल्या डोळ्यात तो आहे ते ओळखून फक्त त्याला जागं करतो. म्हणून छाटणीत हाताचं काम कमी आणि डोळ्यांचं जास्त.

कात्रीच्या आधी

छाटणीच्या १५-२० दिवस आधी बोदाच्या (वेलांच्या ओळीखालच्या मातीच्या वरंब्याच्या) बाजूने उथळ चारी घेऊन शेणखत आणि सुपर फॉस्फेट टाकून झाकून घ्यायचं. खोल खोदू नका, पांढरी मुळी वरच्याच थरात असते. मग पाणी कमी करत आणायचं, काळ्या भारी जमिनीत लवकर बंद, मुरमाड जमिनीत जरा उशिरा, म्हणजे वेल ताणावर जातो आणि वाढ थांबून साठा काडीत बसतो. मागचा पाऊस लांबला तर हा ताण बसतच नाही, अशा वर्षी आमचे आप्पा (सासरे) छाटणी आठवडाभर पुढे ढकलतात पण हिरव्या वेलावर कात्री चालवत नाहीत.

पानगळ हाताने करता येते, मजूर असतील तर तेच चांगलं. नाहीतर छाटणीच्या ८-१० दिवस आधी इथेफॉन मारतात, ३९ टक्केवालं असेल तर लिटरला २ ते ३ मिली. पानं पिवळी पडून गळतात आणि डोळे फुगायला लागतात. जास्त प्रमाण घेऊन लवकर गळेल असा हिशोब करू नका, काडीला त्रास होतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे नवीन माणूस हमखास टाळतो. डोळे तपासणी. बागेच्या वेगवेगळ्या भागातून, कडेच्या नव्हे, मधल्या ओळीतून, जाड, मध्यम, बारीक अशा दहा-पंधरा काड्या बुडापासून कापून लॅबला न्यायच्या. आपल्या भागात पिंपळगाव, ओझर, निफाड कुठेही सोय होते. ते मायक्रोस्कोपखाली एकेक डोळा चिरून बघतात आणि सांगतात की घड चौथ्या डोळ्यात आहे की सातव्यात. तासाभराचं काम आहे, खर्च फारसा नाही. मी पहिल्या वर्षी घरच्यांनी दिलेल्या एका ओळीत सरसकट सहा डोळ्यांवर कापत गेले, सगळ्या काड्या सारख्या दिसल्या पाहिजेत असं माझ्या डोक्यात होतं. त्या ओळीतल्या निम्म्या काड्यांना घडाऐवजी नुसत्या बाळ्या (आधाराला वेटोळे घालणारे तंतू) आल्या. आप्पा काही बोलले नाहीत, फक्त जानेवारीत त्या ओळीतून चालताना थांबले. ते मला अजून टोचतं.

सगळी बाग एकाच दिवशी छाटू नका. आमची पावणेदोन एकर आहे तरी आम्ही दोन तुकडे करतो, आठ-दहा दिवसांच्या अंतराने. पाऊस आला, गारा आल्या, तर सगळा प्लॉट एकाच नाजूक अवस्थेत सापडत नाही. २६ नोव्हेंबर २०२३ ला या भागात गारपीट झाली तेव्हा ज्यांची बाग फुलोऱ्यात होती त्यांचं नुकसान आणि ज्यांची अजून मागे होती त्यांचं नुकसान यात खूप फरक होता. सटाण्याकडे तर जून-जुलैपासूनच अर्ली छाटतात, तिथला हिशोबच वेगळा, त्यांच्या तारखा आपल्या बागेला लावू नका.

छाटणीचा दिवस

कात्री धारदार पाहिजे. बोथट कात्रीने काडी चिरडते, चिरलेली जागा वाळत खाली येते आणि नेमका वरचा डोळा जातो. एक वेल झाला की कात्री सॅनिटायझरमध्ये किंवा स्पिरिटच्या फडक्याने पुसायची, विशेषतः एखादा ओलांडा वाळलेला दिसला असेल तर.

वेलासमोर उभं राहिलं की आधी काहीच कापू नका. बुडापासून वर बघा. खोड, मग तारेवर दोन्ही बाजूंना गेलेले ओलांडे, मग ओलांड्यावरच्या काड्या. आधी मेलेलं, वाळलेलं, किडकं लाकूड काढून टाका म्हणजे वेल मोकळा दिसतो. मग काड्या मोजा. आमच्याकडे ९ बाय ५ फुटांवर लावण आहे, म्हणजे एका वेलाला ४५ चौरस फूट जागा, आणि एक्स्पोर्टच्या मालाला साधारण दीड चौरस फुटाला एक घड धरतात, म्हणजे वेलाला तीस घड. तेव्हा तीस-पस्तीस चांगल्या काड्या मिळाल्या तर पुरे. जास्त ठेवल्या तर घड दिसायला खूप दिसतात पण मणी फुगत नाही आणि पुढे थंडीत साखरही भरत नाही.

काडी वाचायची कशी? पेन्सिलीएवढी जाड, तपकिरी, पूर्ण पिकलेली, मोडली तर करकन मोडणारी आणि आतला गाभा बारीक असलेली ती चांगली. हिरवट, चपटी, लांब पेराची काडी सावलीत वाढलेली असते, तिच्यात घडाचा भरवसा नाही. पेन्सिलीपेक्षा बारीक काडी एका डोळ्यावर कापून सोडून द्या, तिच्याकडून यंदा काही मागू नका.

मग येतं सबकेन. खरड छाटणीनंतर फूट सात पानांवर आली की तिचा शेंडा मारतात, तिथून बगलफूट निघते आणि जोडाच्या जागी गाठ पडते, ती गाठ म्हणजे सबकेनची खूण. थॉमसन, सोनाका, तास-ए-गणेश, या जातींत फळाचे डोळे बहुतेक त्या गाठीवर नाहीतर तिच्या आजूबाजूलाच मिळतात, म्हणून गाठीच्या पुढे एखाद-दुसरा डोळा राखून काप घ्यायचा. सरळ काडी असेल, गाठ नसेल, तर लॅबच्या रिपोर्टप्रमाणे, साधारण सहा ते आठ डोळे. काप डोळ्याच्या अर्धा इंच वर, आणि तिरका, उतार डोळ्याच्या उलट बाजूला म्हणजे पाणी डोळ्यावर ओघळत नाही.

पहिल्या दिवशी जाणत्या माणसाबरोबर एक पूर्ण ओळ करा. त्याने कापायचं आणि तुम्ही कापायच्या आधी बोट ठेवून सांगायचं की कुठे कापणार. दुसऱ्या ओळीत उलट. आमच्या सासूबाईंनी मला असंच शिकवलं, त्या शाळेत फार गेलेल्या नाहीत पण काडी हातात घेतली की मागच्या मे महिन्यात पाणी कधी कमी पडलं होतं ते सांगतात, कारण त्या जागी पेरं आखूड झालेली असतात.

छाटलेल्या काड्या बागेत पडू देऊ नका, त्यात रोगाची बीजं असतात. त्याच दिवशी गोळा करून बाहेर, कंपोस्टला टाका किंवा बारीक करून कुजवा. सैल झालेली खोडाची सालही हाताने काढून घ्या, त्या सालीखाली मिलीबग (पिठ्या ढेकूण) आणि उडद्या भुंगेरे लपून बसतात. नंतर १ टक्का बोर्डो, म्हणजे एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना १०० लिटर पाण्याला, दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या ड्रममध्ये भिजवून मग एकत्र, लोखंडाचं भांडं अजिबात नाही. झालं की त्यात विळा बुडवून बघा, पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी आहे, अजून थोडा घाला. ओलांडे, खोड सगळं धुऊन निघेल असा फवारा घ्या.

पेस्टिंग, आणि इथे प्लीज नीट वाचा

आपल्याकडे थंडी इतकी पडत नाही की वेल पूर्ण झोपून स्वतःहून एकसारखा फुटेल, म्हणून हायड्रोजन सायनामाईडची पेस्ट डोळ्यांना लावतात, छाटणीनंतर ४८ तासांच्या आत. बाजारातलं ५० टक्केवालं औषध लिटरला ३० ते ४० मिली, थंडी वाढल्यावर उशिराच्या छाटणीला थोडं जास्त. त्यात रंग घालतात म्हणजे कुठला डोळा लावला कुठला राहिला ते दिसतं. ज्या डोळ्यातून घड हवाय त्यालाच लावायचं, ओलांड्यालगतचे खालचे डोळे कोरडे ठेवायचे.

हे औषध विषारी आहे. हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट, चष्मा, यात सूट नाही. आणि दारू. आदल्या दिवसापासून पुढचा आठवडाभर पेस्टिंग करणाऱ्याने दारूचा थेंब घ्यायचा नाही, हे औषध अंगात गेलेलं असताना दारू घेतली की चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, श्वास लागतो, माणूस कोसळू शकतो. आमच्या शिवारात एकाला संध्याकाळी असाच दवाखान्यात न्यावा लागला होता, वाचला, पण त्याच्या बायकोची ती रात्र मी जवळून पाहिलीय. मजूर लावत असाल तर सकाळी काम सुरू होण्याआधी हे मोठ्याने, सगळ्यांसमोर सांगा. लाजायचं कारण नाही. गरोदर बाईला या कामावर घेऊ नका.

पहिले वीस दिवस

आठव्या ते बाराव्या दिवशी डोळे कापसासारखे फुगतात, त्याला पोंगा म्हणतात. उडद्या नेमका तेव्हा येऊन फुगलेला डोळाच पोखरतो, आणि एक डोळा गेला म्हणजे एक घड गेला, म्हणून रोज सकाळी चक्कर मारायची. पाणी यावेळी भरपूर लागतं पण फूट निघाली की लगेच आवरायचं.

चौदा-पंधराव्या दिवशी कोवळ्या फुटीत छोटा घड दिसतो आणि घरातल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. तरीही धोका टळलेला नसतो. ढगाळ हवा, जास्त पाणी, जास्त नत्र यामुळे तो घड जिरतो किंवा बाळीवर जातो. अशा वेळी युरिया तर विसराच, पाणी तोडा, आणि फुटी मोकळ्या करा. पाच पानांवर आलं की फेलफुटी, म्हणजे घड नसलेल्या आणि दाटीतल्या फुटी, हाताने मोडून काढायच्या. एका काडीवर एक, फार तर दोन घडांच्या फुटी. नवीन माणसाचा इथे हात चालत नाही, मला माहितीय, घड असलेली फूट मोडताना जीव तुटतो. पण दाटी राहिली तर डाऊनी येणारच. आमच्याकडे डाऊनीला केवडा म्हणतात, पानाच्या वर तेलकट डाग आणि खाली पांढरी बुरशी, पाऊस आणि दव असेल तर दोन रात्रींत घड काळा करतो. या काळात पान उलटं करून बघायची सवय लावून घ्या.

मधला काळ, जीए आणि फुलोरा

जीएचे (जिबरेलिक अ‍ॅसिड, घड-मणी वाढवायचं संजीवक) सगळे डोस इथे देत नाही कारण जातीनुसार, जमिनीनुसार, हवेनुसार ते बदलतात, आणि दुसऱ्याच्या बागेचं शेड्यूल आंधळेपणाने मारल्याने घड वाकडे झालेले मी पाहिलेत. फक्त हिशोब शिकून घ्या, १० पीपीएम म्हणजे १०० लिटरला १ ग्रॅम. पाण्याचा पीएच सहाच्या आसपास आणा, आणि जीए सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, दुपारच्या उन्हात नाही. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचे सल्ले हवामानानुसार येत असतात, ते वाचत जा, तिथली औषधांची यादीही तितकीच महत्त्वाची, त्यावर खाली लिहिते.

पस्तीस ते पंचेचाळीस दिवसांत फुलोरा. बागेत एक मंद गोड वास सुटतो, तो वास मला या सगळ्या वर्षात सगळ्यात आवडतो. या दिवसांत पाऊस आला की गळ आणि कुज, म्हणून पाऊस थांबला की वेलाच्या तारा हलवून घडातलं पाणी झाडायला पोरंठोरं सगळी बागेत.

थिनिंग

मणी ज्वारीएवढा झाला की थिनिंग, म्हणजे घडातल्या मण्यांची विरळणी, सुरू, आणि हे बायांचं काम आहे. पेठ, सुरगाणा, हरसूलकडून टोळ्या येतात, दिवाळीनंतर मिळणं मुश्किल, म्हणून छाटणीची तारीख ठरली की त्याच दिवशी मुकादमाला फोन करा. आलेल्या बायांना राहायला कोरडी जागा, प्यायचं पाणी, शेतात संडासची सोय, अंघोळीला गरम पाणी, हे तुमचं काम आहे, थंडी नोव्हेंबर-डिसेंबरची असते आणि त्यांची लहान पोरं बरोबर असतात. चांगली वागणूक दिली की तीच टोळी दरवर्षी येते आणि तुमचा घड ओळखते.

काम असं. घड डाव्या हाताने तळातून हलकेच धरायचा, पंजात आवळायचा नाही, मण्यावरची लव (पांढरी पावडर) पुसली की बाजारात भाव पुसला. बारीक टोकाच्या कात्रीने आधी आत गेलेले मणी, मग एकमेकांवर चढलेले, मग शेपटीचं टोक. थॉमसनच्या घडात शंभरच्या आसपास मणी राहिले की बस. पहिला घड करायला नव्या माणसाला सहा-सात मिनिटं लागतात, सरावलेली मावशी दीड मिनिटात उरकते. घाई करू नका, कात्रीचं टोक शेजारच्या मण्याला लागलं की तो मणी महिन्याने सडतो आणि घडच घेऊन जातो.

याच सुमारास बगलफुटी काढणं, फुटी तारेला सुतळीने बांधणं, घड मोकळा लटकेल असं करणं चालूच असतं. गर्डलिंग, म्हणजे खोडाची बांगडीसारखी साल काढणं, हे पहिल्या वर्षी हातात घेऊ नका. पातं लाकडात गेलं तर वेल जातो.

थंडी

डिसेंबरच्या शेवटी निफाडचा पारा पेपरात येतो, चार-पाच अंशांवर उतरतो, कधी त्याखाली. वेल थंडीत गप्प होतो, मुळी काम करत नाही, मणी आहे तिथेच थांबतो. या दिवसांत खतं ओतून उपयोग नाही, मुळी घेतच नाही. पहाटे ठिबक चालू करा, विहिरीचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं आणि ओली जमीन उब धरते. फार कडाका असेल तर बांधाच्या कडेने शेकोट्या, काडी-कचऱ्याचा ओलसर धूर, पहाटे तीन ते सूर्य वर येईपर्यंत. त्या रात्री झोप होत नाही, आळीपाळीने उठायचं ठरवून ठेवा, म्हाताऱ्यांना पाठवू नका.

पांढऱ्या जातींत रात्र खूप गार आणि दिवस गरम असला की मणी गुलाबी पडतो, पिंक बेरी म्हणतात, आणि तो माल एक्स्पोर्टला चालत नाही. त्यावर उपाय म्हणजे मण्यात पाणी उतरायच्या (मणी मऊ पडायच्या) आधीच घडाला पेपर लावणं, ७५-८० दिवसांना, जुनी रद्दी चालते, वर स्टेपल, खाली मोकळं. लावायच्या आधी घड नीट तपासा, मिलीबग किंवा भुरी आत राहिली तर पेपरखाली आरामात वाढते. थंडीत डाऊनी मागे पडतो आणि भुरी पुढे येते, पानावर-मण्यावर राखेसारखं दिसतं.

आणि औषधांचं. प्रत्येक औषधाला काढणीच्या किती दिवस आधी थांबायचं ते ठरलेलं आहे, ते डबा उघडायच्या आधी बघा. २०१० मध्ये युरोपात आपल्या द्राक्षांचे कंटेनर क्लोरमेक्वाटच्या अंशामुळे अडकले, ते औषध वाढ रोखायला वेलावर मारलं जात होतं आणि मण्यात उतरेल असं बागेत फारसं कुणाच्या मनात नव्हतं. कितीतरी घरं त्या वर्षी कर्जात गेली. तेव्हा दुकानदार काहीही म्हणो, तारीख, औषध, प्रमाण वहीत लिहिल्याशिवाय पंप चालू करायचा नाही.

नव्वदीच्या आसपास मणी मऊ पडून काचेसारखा होतो, पाणी उतरलं म्हणतात. आता पाणी एकसारखं द्या, आज खूप उद्या काहीच नाही असं केलं की मणी तडकतो. आणि एक शेवटचं काम, याला अर्धा दिवस लागतो. रंगीत रिबिनीचा गुंडाळा घेऊन बागेतून ओळीने फिरा, ज्या वेलाला घड आलेच नाहीत किंवा जिरले त्याच्या खोडाला रिबीन बांधा, आणि वहीत ओळ नंबर लिहा. माल निघून गेल्यावर सगळे वेल सारखेच दिसतात. एप्रिलला खरड छाटणीत रिबीनवाल्या वेलांच्या काड्या विरळ ठेवायच्या, म्हणजे मेच्या उन्हात त्यांच्या डोळ्यांवर सावली येणार नाही.